तीन वर्षांनी कायम

हेडफोनवरचा स्पंज इतका जुना झाला होता की नुसता हात लागला तरी त्याचा काळा भुगा बोटांना चिकटायचा, आणि घरी गेल्यावर नम्रताला तो कानामागेही सापडायचा – साबणाने जायचा नाही, खोबरेल लावून पुसावा लागायचा. नवा स्पंज पाठवा म्हणून तिने पुण्याला कितीदा कळवलं होतं. आता पाठवला काय, न पाठवला काय. तरी सवयीने तिने कानाजवळचा एक कण नखाने काढला, टेबलाच्या कडेला पुसला आणि आवाज वाढवला.

कानात सारिका वाचत होती. सातवीचा भूगोल, वाऱ्यांचा धडा. सावकाश, स्वच्छ, प्रत्येक ‘ण’ जागच्या जागी – हा ‘ण’ बसवायला नम्रताने किती महिने घालवले होते. ‘पानी नाही सारिका, पाणी. जीभ वर ने.’ सारिका हसायची, जीभ वर न्यायची. आणि आता ‘वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात’ एवढं झालं आणि मागे कोंबडा आरवला, अगदी मनापासून. नम्रताने कागदावर खूण केली, ‘परत वाचणे’ असं लिहिलं, आणि मग त्या दोन शब्दांकडे बघत बसली. परत वाचून आलेलं ऐकणार कोण? महिनाअखेरीला हा हेडफोन, हे टेबल, बियाण्यांच्या दुकानावरच्या या दोन खोल्या – सगळ्यालाच कुलूप लागायचं होतं.

काल दुपारी पुण्याहून, संस्थेच्या मुख्य ऑफिसातून, वागळे मॅडमचा फोन आला होता. संस्थेचं एक संकेतस्थळ होतं, ‘बोलकं पुस्तक’ नावाचं. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा मुलांसाठी शाळेची पुस्तकं कुणीतरी मोठ्याने वाचायची, ते वाचन संकेतस्थळावर चढवायचं, आणि महाराष्ट्रात कुठेही संगणकापुढे बसून मुलांनी ते फुकट ऐकायचं. वाचणारे सगळे स्वयंसेवक. किन्हवलीपासून टोकावड्यापर्यंत गावोगावची मुलंमुली घरी बसून रेकॉर्डरवर वाचत, त्यातलं मेमरी कार्ड एसटीच्या कंडक्टरकडे देत, शहापूरला नम्रता ते ऐकून चुका काढी आणि अनिल संगणकावर चढवी. पगार होता तो फक्त या दोघांना. पैसे द्यायची अमेरिकेतली मंडळी, आणि तिकडे मंदी आली होती... कुठल्याशा बँका बुडाल्या होत्या, त्यांची नावंही नम्रताला धड घेता येत नव्हती.

‘नम्रता, तू समजूतदार आहेस,’ मॅडम म्हणाल्या होत्या, आणि तिथेच नम्रताने हातातलं पेन खाली ठेवलं होतं, कारण समजूतदार म्हटल्यावर पुढे काही चांगलं येत नाही हे तिला लग्नापासून माहीत होतं. ‘माणसं कमी करावी लागतायत. पण काम कमी करायचं नाही. स्वयंसेवक आहेतच की आपले! ती टोकावड्याची सारिका चुणचुणीत आहे. तिच्याकडे सगळं सोपव. तिला नाव देऊ काहीतरी, जरा मोठं वाटेल असं... केंद्रप्रमुख. कसं वाटतं? आणि तू तर स्वयंसेवक म्हणून राहशीलच.’

‘हो मॅडम,’ ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती! फोन ठेवल्यावर ती गॅलरीत जाऊन उभी राहिली होती, आणि खाली दुकानात कुणीतरी भाताच्या बियाण्यावरून घासाघीस करत होतं ते तिने शेवटपर्यंत ऐकलं होतं.

‘मी सगळ्यांना फोन लावतो,’ अनिल म्हणाला. तो सकाळपासून वायरी गुंडाळत होता, गुंडाळायचा आणि रागाने पुन्हा सोडायचा. ‘सांगून टाकतो, दुकान बंद. पोरांनी फुकट राबायचं नि त्यांनी तिकडं फोटो छापायचे.’

‘सारिकाला नको करूस. तिला मी सांगते. जाऊन सांगते.’

‘जाऊन काय सांगणार? काँग्रॅच्युलेशन?’

तिने पिशवी उचलली आणि जिना उतरली.

गाडीत खिडकी मिळाली. सापगावच्या थांब्यावर तिने मान आत घेतली. तिथे तिचं सासर होतं, आणि या वेळी सासूबाई ओट्यावर असायच्या. सूनबाई ऑफिस सोडून भर सकाळी कुठे चालली, हा प्रश्न संध्याकाळपर्यंत वाढत वाढत गेला असता. घरी अजून सांगितलं नव्हतं. रात्री नवरा जेवत असताना तिने दोनदा तोंड उघडलं होतं आणि दोन्ही वेळा भाजीत मीठ बरोबर आहे का ते विचारलं होतं. बरोबर आहे, तो म्हणाला... सासूबाई शेजारणींना सांगायच्या, ‘आमची ऑफिसात आहे, कायम.’ हे ‘कायम’ त्यांनीच लावलेलं. नम्रताने ते कधी काढलं नव्हतं, कानाला बरं वाटायचं.

आणि खरी भीती त्याच शब्दाची होती. सापगावच्या नव्हे, टोकावड्याच्या.

मागच्या महिन्यात सारिकाचे वडील नथूकाका ऑफिसात आले होते. वालाच्या शेंगांची पिशवी टेबलावर ठेवली, खुर्ची असून दाराशी उभे राहिले, आणि म्हणाले, ‘ताई, पोरीची तीन वर्सं भरत आली ना आता?’ भरत आली, ती म्हणाली. ‘मंग आता कायम करतील ना तिला?’ नम्रताला आधी कळलंच नाही. मग उलगडलं. नथूकाकांचा पुतण्या सुनील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक होता. शिक्षणसेवकाने तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर काढायची आणि मग तो कायम होतो, पक्का गुरुजी होतो, हे सरकारनेच ठरवलेलं. सुनील झाला. आता नथूकाकांच्या हिशेबात शिक्षणसेवक काय नि स्वयंसेवक काय, सेवक तो सेवक. एकाला थोडं मानधन मिळतं, दुसऱ्याला तेही नाही, म्हणजे सारिकाची उमेदवारी जास्त कडक, एवढाच फरक. सुनीलसारखीच तीन वर्षं घासली की ऑर्डर येणार.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण म्हातारा इतक्या दुरून आलेला, शेंगा कोवळ्या, अनिल समोर हसू दाबत बसलेला... ती ‘बघू’ म्हणाली. नुसतं बघू! आणि त्या ‘बघू’वर तिकडे लग्न ठरलं. मुरबाडच्या पलीकडचं स्थळ, मुलगा कंपनीत, त्यांना नोकरीवालीच मुलगी हवी होती. परवा सुपारी फोडून ते पक्कं व्हायचं होतं. हे सारिकानेच मागच्या आठवड्यात फोनवर सांगितलं होतं, लाजत, आणि नम्रताने अगंबाई, अभिनंदन वगैरे म्हटलं होतं.

आणि आता केंद्रप्रमुख! मॅडमना पुण्यात बसून काय कल्पना. जिल्हा परिषदेत केंद्रप्रमुख म्हणजे दहाबारा शाळांचा साहेब. तो येणार म्हटलं की गुरुजी फळा पुसून ठेवतात. नथूकाकांना हा शब्द सांगितला तर ते काय ऐकतील? पोरगी कायम तर झालीच, वर साहेब झाली. परवा पाहुण्यांपुढे छाती फुगवून सांगतील. सुपारी फुटेल, लग्न होईल. आणि मग सासरी पहिल्या महिन्याला कुणीतरी विचारेल, पगार कुठाय...

एक शब्द. खोटा नाहीच, संस्थेने दिलेलाच. मी फक्त निरोप्या. मी सांगायचं आणि गाडीत बसायचं. नाही, नाही. असं करायचं नाही. खरं सांगायचं. सारिकाच्या भल्यासाठी खरं सांगायचं, असं ती मनाशी म्हणत राहिली. किन्हवली आलं, तिचं माहेर, तिथेही ती उतरली नाही, म्हणतच राहिली. सरळगावच्या नाक्यावर गाडी बदलली तरी म्हणत होती, आणि कुठेतरी खोल, शेंगेत अळी असावी तसं काहीतरी वळवळत होतं – माझ्या खुर्चीवर सारिका. मी पगार घेऊन जे केलं ते ती फुकट करणार, आणि चांगलं करणार. मग मी इतकी वर्षं काय करत होते?

टोकावड्यापासून वर चढण होती. उतारावर राब भाजायचं, भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळायचं काम चाललं होतं. काळ्या पट्ट्यांतून धूर निघत होता आणि तोंडावर येत होता. नथूकाका अंगणातच होते. तिला बघताच हातातली कुदळ टाकून पुढे आले.

‘या, या ताई! गुणा, ताई आल्यात गो!’ त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने बाज झटकली. ‘मी बोललोच व्हतो, सुपारीच्या आधी ताई येनार. आर्डर घेऊन आल्या ना?’

सारिकाची आई गुणाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. सारिका दारात दिसली, हसली, पण नेहमीसारखी धावत आली नाही. चहा ठेवते म्हणाली आणि आत वळली.

‘काका, बसा,’ नम्रता म्हणाली. ती पाणी प्यायली. पुन्हा थोडं प्यायली. अंगणात कोंबडा फिरत होता. तोच असणार, वाऱ्यांच्या धड्यातला, आणि तिला वेड्यासारखं वाटून गेलं की याच्याबद्दल बोलावं, फक्त याच्याबद्दल, आणि उठावं.

‘काका, आपला काहीतरी घोटाळा होतोय. स्वयंसेवक म्हणजे शिक्षणसेवक नव्हे. यात कायम होत नाही कुणी. तीन वर्षं झाली तरी नाही आणि दहा झाली तरी नाही. ते... आवडीने करायचं काम असतं.’

नथूकाका अजून हसत होते. हसू चेहऱ्यावर राहून गेलं होतं, काढायचं विसरल्यासारखं.

‘पगार?’

‘पगार नसतो.’

‘आता नाय, पन पुडं?’

‘पुढेही नाही काका.’

‘आसं कसं?’ गुणाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना ते खरंच समजत नव्हतं. ‘पोर भर उन्हाळ्यात डोक्यावं गोधडी घेऊन वाचते. आवाज घुमू नये म्हनून तुमीच सांगितलेलं ना? घामाची नुसती धार लागते. फुकट कोन करील गो येवढं?’

नम्रताने प्रशिक्षणांमध्ये याची उत्तरं दिली होती, समाजाचं ऋण, आनंद, समाधान. त्या पुठ्ठ्याच्या तक्त्यावर लिहायच्या गोष्टी इथे, या बाजेवर, तिला तोंडात धरवेनात. सांगून टाक ना केंद्रप्रमुख, कुणीतरी आतून म्हणालं. बघ त्यांच्याकडे. एक शब्द टाक, उठून उभे राहतील. तिने ओठ घट्ट मिटले. मी खोटं बोलणार नाही. त्या क्षणी तिला स्वतःविषयी बरं वाटलं, अगदी स्पष्टपणे बरं वाटलं, हे तिला पुढे कितीतरी वेळ टोचत राहणार होतं.

नथूकाका जमिनीवर काडीने रेघ मारत होते. ‘मंग पावन्यांना काय सांगू आता?’ ते काडीलाच म्हणाले. मग त्यांनी मान वर केली. डोळ्यांत संशय नव्हता, नुसती विचारपूस होती, घरच्यासारखी.

‘मंग ताई, तुमी? तुमाला तर पगार हाय.’

‘हो.’

‘म्हंजे तुमी कायम?’

हे इतकं साधं होतं. नाही काका, मलाही काल काढलं, दोघांनाही काढलं, ऑफिसच बंद होतंय – वाक्य तयार होतं, सकाळपासून तयार होतं, किन्हवलीला तर तिने ते ओठ हलवून म्हणून पाहिलं होतं. आणि ते सांगितलं असतं तर त्यांना उलट बरं वाटलं असतं, आपल्या पोरीचंच नशीब फुटकं नाही एवढं तरी कळलं असतं. पण समोर तो माणूस आदराने बघत होता. शहापूरच्या ऑफिसातल्या ताई. तशी नजर आता पुन्हा कुठे मिळणार होती? सासूबाईंची संध्याकाळपर्यंत, फार तर उद्यापर्यंत...

‘हो,’ ती म्हणाली. ‘माझं वेगळं असतं. मी कायम आहे.’

दारात सारिका उभी होती. हातात कोऱ्या चहाची ताटली. ती केव्हा आली ते नम्रताला कळलं नव्हतं. ती पुढे आली, ताटली बाजेवर ठेवली, कप सरळ केले, आणि वडिलांकडे बघून म्हणाली, ‘ताई कायम आहेत, बाबा. त्यांचं काम वेगळं असतं.’

आहेत म्हणाली. हायेत नव्हे. ताईनेच शिकवलेल्या त्या रेकॉर्डरवरच्या आवाजात, सावकाश, स्वच्छ, धडा वाचावा तशी म्हणाली.

चहा कडक होता. नम्रताने तो तसाच गरम घशाखाली घातला.

निघताना नथूकाकांनी हात जोडले. वालाच्या शेंगा आता नव्हत्या, म्हणून गुणाबाईंनी पिशवीत चवळी घातली. नको नको म्हटलं तरी घातली. सारिका रस्त्यापर्यंत सोडायला आली. उतारावर दोघी पुढेमागे चालत होत्या, पायवाट एकाच माणसापुरती होती.

‘अनिलदादाचा फोन आलेला,’ सारिका मागून म्हणाली. ‘सकाळी. तुमी गाडीत आसाल तवा.’

नम्रता थांबली नाही. थांबली असती तर वळावं लागलं असतं.

‘काय म्हणाला?’

‘सगळंच बोलला.’

धुरामुळे डोळ्यांतून पाणी येत होतं, ते बरं होतं. पायाखाली पाला मोडत होता. सारिका पुन्हा बोलली. ‘केंद्रप्रमुखाचं बी बोलला. मी चुलीपाशी वाट बघत व्हते, तुमी बाबासमोर आता बोलाल, मंग बोलाल म्हनून.’

‘ते खोटं झालं असतं, सारिका. तुझ्याच...’

‘व्हय.’ सारिकाने ते लगेच मान्य केलं. ‘मला पयल्यापासून ठावं हाय ताई, यात कायम नाय ते. कागद मीच वाचून सही केलेली. पन बाबाला तसं वाटायचं, तवर वाचाया मिळायचं. नायतर बाबा बोलला आसता, चल रानात. मी पावन्याच्या पोराला सांगनार व्हते लग्नाआधी, त्याला एकट्याला. माझी मी. तो ऐकनारा वाटला मला.’ ती थांबली. ‘आता बाबाच सांगंल. बाबा सांगंल तवा रडंल नि सांगंल.’

नम्रता वळली. सारिकाचा चेहरा रागावलेला नव्हता. रागावलेला असता तर काहीतरी करता आलं असतं, पाया पडता आलं असतं, भांडता आलं असतं.

‘मग तू मला का... आत्ता, तिथे... का सांभाळून घेतलंस?’

सारिकाने खांदे उडवले. ‘तुमी बोललात ना तसं. मंग मी बी बोलले.’ मग जरा वेळाने, ‘घरी सांगितला का तुमी?’

‘नाही.’

‘हं,’ सारिका म्हणाली, आणि ओढणीने नाक पुसलं. ‘त्या कोंबड्याचा तुकडा परत वाचून ठेवते. कोनाला द्यायचा ते बघा.’ आणि ती चढणीला लागली, एकदाही मागे न बघता, भराभर, सवयीची वाट असल्यासारखी.

टोकावड्याच्या थांब्यावर ऊन होतं. ढाब्याच्या सावलीत बाकडं होतं तिथे ती बसली, उठली, वेळापत्रकापाशी गेली, वाचलं, काय वाचलं ते कळलं नाही, पुन्हा बसली. मी तिच्या भल्यासाठी खरं बोलले... हे वाक्य तिने पुन्हा चालवून पाहिलं, पण ते आता मध्येच अडत होतं. भल्यासाठी बोलले, की माझं गेलं तर तिलाही मिळू नये म्हणून बोलले? आणि खोटं बोलायचं नाही असं ज्या तोंडाने ठरवलं त्याच तोंडाने लगेच, काही न अडखळता... तिला काही ठरवावंसुद्धा लागलं नव्हतं. ते आपोआप आलं होतं. हे तिला सगळ्यात भयंकर वाटत होतं. लाज होतीच, पण लाज ओळखीची असते. हे ओळखीचं नव्हतं. आपल्याच घरात कुणी परका राहतोय आणि तो आपल्याआधी दार उघडतो, तसं काहीतरी.

परत वर जावं का? काका, थांबा, मलाही कमी केलंय... आणि मग सारिकाचं काय, ती म्हणाली ना, ताई कायम आहेत, आता तीही खोटी पडेल, बापासमोर. म्हणजे खरं सांगायची वाटसुद्धा त्या पोरीने बंद केली होती. दयेने केली की सुडाने, की नुसतीच, सहज, जसा कप सरळ करावा तशी? तिला कळेना. कळून घ्यायची भीतीही वाटत होती.

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी येऊन बसली. टोपलीत करवंदं होती, अजून हिरवीच, लोणच्याची. तिने नम्रताची पर्स पाहिली, सँडल पाहिली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आणि बसमधल्या बायका विचारतात तसं सहज विचारलं, ‘कामाला कुठं गो बाय तू?’

नम्रताने तिच्याकडे पाहिलं. अनोळखी बाई होती, पुन्हा कधी भेटणार नव्हती. खरं बोलायला याहून सोपं माणूस सापडलं नसतं. खोटं बोलायलाही. दोन्ही उत्तरं जिभेवर शेजारी शेजारी होती, दोन्ही सारखीच तयार. तिने तोंड उघडलं, आणि त्यातून काय बाहेर पडतंय ते ऐकायला ती स्वतःच थांबली.